झीज होता कामा नये

वय सव्वीस, पगार बेताचा आणि दोन्ही पाय धडधाकट, एवढ्या तीन बाबी तपासल्यावर सदर तरुणाला चारचाकी गाडीची नितांत गरज आहे, असे बँकेच्या निदर्शनास आले. तोपर्यंत ते त्याच्या स्वतःच्या निदर्शनास आलेले नव्हते. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. दुकान घरापासून बारा मिनिटांवर होते आणि ही बारा मिनिटे तो शीळ घालत चालत जायचा. एके दिवशी फोन आला की आपल्याला गाडीचे कर्ज मंजूर झाले आहे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे काहीतरी मंजूर झाले होते, तेही न मागता. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

गाडी त्याला स्वतःच्या मिरवण्यासाठी नको होती, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याच्या वडिलांनी एकतीस वर्षे बस चालवली. आई रोज त्याच बसने कामाला जायची. पण बसमध्ये ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी होती आणि वडील पाटीला मानणारे गृहस्थ होते. त्यामुळे आई एकतीस वर्षे तिसऱ्या बाकावर बसून नवऱ्याच्या मानेकडे बघत राहिली. आता वडील निवृत्त झाले होते. नजर शाबूत होती, पण गुडघ्यांना डॉक्टरांनी फार तर दोन वर्षांची मुदत दिली होती. त्याआधी वडिलांनी घरची गाडी चालवावी, आईने शेजारी बसावे आणि दोघांनी वाटेत पोटभर बोलून घ्यावे, एवढेच पोराच्या मनात होते.

बँकेतल्या कर्जअधिकारी साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि वर घरच्यांची चौकशीही केली.

“साहेब, पगाराच्या मानाने हप्ता जरा जास्तच होतोय,” चष्मेवाला चाचरत म्हणाला.

“म्हणून तर मुदत सात वर्षांची केलीय. मुदत वाढली की हप्ता कमी होतो.”

“आणि व्याज?”

“ते वाढतं. पण ते आमच्याकडे येतं ना, तुम्ही कशाला त्रास करून घेता?”

यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. चष्मेवाल्याने त्रेचाळीस पानांवर सह्या ठोकल्या. रोज सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत गिऱ्हाइकांना “सगळ्यात खालची ओळ वाचा” असे बजावणाऱ्या या माणसाने सगळ्यात खालची ओळ तेवढी वाचली नाही. सुट्टी काढून आल्यावर कोण कामाचे घेऊन बसतो?

रविवारी सकाळी पांढरी गाडी दारात उभी राहिली. आईने ठेवणीतली साडी नेसली. वडिलांनी पंधरा मिनिटे आरसा बसवला, सीट पुढे घेतली, मागे घेतली, मग पुन्हा होती तिथेच आणली. “बस नीट,” ते आईला म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली मात्र, चष्मेवाल्याचा फोन वाजला.

“इंजिन सुरू झालेलं दिसतंय,” साहेबांचा आवाज आला. गाडीत कुठेतरी बँकेचे एक यंत्र बसवलेले होते. “आधी बंद करा. उद्या येऊन भेटा.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कलम सतरा (ड) त्याच्यापुढे ठेवले. कर्जाची संपूर्ण परतफेड होईपर्यंत वाहन ही बँकेची मालमत्ता राहील आणि तिची झीज होईल असे कोणतेही कृत्य कर्जदाराने करता कामा नये.

“पण गाडी चालवली की झीज होणारच ना, साहेब!”

“मग आम्ही वेगळं काय म्हणतोय?”

“म्हणजे मी गाडीचं करायचं काय?”

“हप्ते भरायचे. तेवढं सांभाळलंत तरी खूप आहे.”

बँक मात्र अगदीच निर्दय नव्हती. वाहन हलवण्यासाठी नमुना चाळीसमध्ये सात दिवस आधी, कारणासह अर्ज करण्याची सोय होती. चष्मेवाल्याने कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘आईवडिलांना बोलायचे आहे’ असे लिहिले. आठव्या दिवशी उत्तर आले. बोलणे घरातही शक्य असून त्यासाठी चार चाकांची आवश्यकता दिसून येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

हप्त्यासाठी त्याने दुपारचा चहा सोडला आणि संध्याकाळी दुसऱ्या एका दुकानात काचा घासायला जाऊ लागला. हे दुकान तासाभराच्या वाटेवर होते. तिथे तो चालतच जायचा, कारण गाडी घेतल्यापासून बसचे भाडे परवडत नव्हते. इमारतीत मात्र त्याचा भाव वधारला. इतकी वर्षे ज्याने ढुंकून पाहिले नाही तो पहारेकरी सलाम ठोकू लागला. “गाडी काढत नाही का हो?” असे शेजाऱ्यांनी विचारले की तो म्हणे, “नवी आहे ना.” हे कारण सगळ्यांना पटायचे. किंबहुना गाडी न वापरण्याइतकी ऐपत या मुलाने कुठून आणली, याचेच त्यांना कौतुक वाटे.

चौथ्या महिन्यात बँकेचा तपासनीस आला. बॅटरी उतरली होती, टायर बसले होते. उभी राहिल्यानेही गाडीची झीज होते, असा अहवाल त्याने दिला. म्हणजे गाडी चालवणे आता बंधनकारक झाले. कर्जदाराने चालवली तर कलम सतराचा भंग, म्हणून ती जबाबदारी नाइलाजाने साहेबांनी स्वतःच्या शिरावर घेतली. मात्र साहेबांना गाडी नीटशी येत नव्हती. बँकेच्या फलकावर जाहिरात लागली की अनुभवी, निर्व्यसनी चालक पाहिजे. अकरा अर्ज आले. एकतीस वर्षांत एकही अपघात नसलेला उमेदवार एकमताने निवडला गेला.

“अप्पा, आपलीच गाडी आहे ती!” चष्मेवाला घरी ओरडला.

“हळू बोल. नोकरी आहे ती,” वडील शर्टाला बटण लावत म्हणाले. “आणि गाडी झकास आहे हो. तू निवड चांगली केलीस.”

वडिलांचा पगार बँक देई आणि ‘मालमत्ता संवर्धन खर्च’ म्हणून मुलाच्या नावावर टाकी. त्यामुळे मुलाला हप्त्याला पैसे कमी पडत. मग वडील एक तारखेला आपला पगार मुलाच्या हातावर ठेवीत आणि मुलगा तो बँकेत भरून येई. यात कोणाचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. पैसा फक्त फिरत होता आणि प्रत्येक फेरीला थोडे सेवाशुल्क बँकेकडे राहत होते, इतकेच.

एका संध्याकाळी आईला बसमध्ये बसवून द्यायला चष्मेवाला थांब्यावर आला होता. सिग्नलला पांढरी गाडी थांबली. मागे साहेबांच्या पत्नी बसल्या होत्या. पुढे वडिलांच्या शेजारच्या सीटवर बाईंनी नुकतीच विकत घेतलेली कुंडी होती आणि ती पडू नये म्हणून तिला पट्टा लावला होता. आईने हात हलवला. वडील समोर बघत राहिले.

“ओळखही दाखवली नाही!” चष्मेवाला चिडून म्हणाला.

“ड्यूटीवर आहेत रे,” आई म्हणाली. “बोलायचं नसतं.” पण हात तिने लगेच खाली घेतला नाही. चष्मेवाल्याला रडू आले, आणि इथे त्याची थट्टा करण्याचे आमच्याही मनात नाही.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत बँकेत गेला.

“साहेब, गाडी परत घ्या.”

“अवश्य. उरलेले हप्ते तेवढे तुमच्याकडे राहतील. सहा वर्षं दोन महिने.”

चष्मेवाल्याने वडिलांच्या गुडघ्यांचा हिशोब केला आणि तो मट्कन खुर्चीत बसला. मग त्याने विचारले, “तुमची स्वतःची गाडी नाही का हो, साहेब?”

साहेबांनी दार लोटून घेतले. “आहे ना. लाल आहे, फार देखणी. समोरच्या बँकेचे साहेब फिरवतात.”

“आणि त्यांची?”

“त्यांचं गाडीवर भागलं नाही. त्यांनी घर घेतलंय, वीस वर्षांच्या कर्जावर. आत राहिलं की भिंतींना डाग पडतात म्हणून परवानगी अडलीय. बिचारे बायकामुलांसह बँकेतच झोपतात.” साहेब गहिवरले. “पण घर बघाल तर अजून कोरं करकरीत आहे.”

हे वाचून आपल्याला हसू आले असेल, तर हसायला काहीच हरकत नाही. फक्त हसताना खुर्ची मागे घ्यायची झाली, तर जरा उचलून घ्या. फरशी अजून सतरा वर्षे आपली नाही.