मानाप्रमाणे तुकडे

बाजार समितीचं संकेतस्थळ उघडत नाही, ही गंभीर बाब संचालक मंडळाच्या निदर्शनास आली ती सभापती ईश्वरप्पांच्या वाढदिवशी. हळदीच्या लिलावाचं टोकन त्याच पानावरून निघायचं, त्यामुळे शेतकरी अख्खा हंगाम बोंबलत होते. पण ती नुसती तक्रार होती. वाढदिवशी उदगीरच्या व्याह्यांचा फोन आला, "अप्पा, तुमचा फोटो कपाळापर्यंतच आलाय, पुढं काही सरकंना." तेव्हा त्या तक्रारीची बाब झाली.

तातडीची बैठक बसली. संकेतस्थळ सांभाळणारी सुकन्या हजर झाली. तिनं सांगितलं, पानाच्या डोक्यावर सगळ्या मंडळाचा अवाढव्य फोटो आहे. तो पूर्ण उतरल्याशिवाय खालचं टोकनाचं बटण दिसत नाही. "फोटोच काढून टाकू," हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण नोकरी नवी होती. ती म्हणाली, "फोटोचे तुकडे करू. लहान तुकडे झपझप येतात. शिवाय तुकड्यावर बोट ठेवलं की ज्याचं त्याचं पान उघडतं."

तिला घाई होती. तिचे वडील भुजंगराव उमरीहून हळदीची ट्रॉली घेऊन सकाळपासून समितीच्या फाटकावर उभे होते. टोकन नाही तर प्रवेश नाही, आणि अवकाळीनं आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

"आधी कुणाचा तुकडा येनार?" उपसभापती गुरुबसप्पांनी विचारलं.

"टोकनाचं बटण आधी आणू."

सत्काराआधीच पंगत वाढल्यासारखे सगळे तिच्याकडे बघू लागले. ईश्वरप्पांनी प्रेमानं समजावलं, "पोरी, नारळ आधी का लिलाव आधी?" ठराव झाला: तुकडे मानाप्रमाणे येतील. आधी सभापती, मग उपसभापती, मग आजी संचालक, माजी संचालक आणि भावी संचालक.

सुकन्यानं कापायला घेतलं. पहिलीच रेघ गुरुबसप्पांच्या फेट्यातून गेली आणि तुरा सभापतींच्या तुकड्यात राहिला.

"माझा तुरा त्यांच्या वाट्याला? न्हाई चालनार!"

रेघ सरकवली तर ईश्वरप्पांचा खांदा गेला. "खांदाच न्हाई तर हार कुठं घालायचा?" मग उभयतांमध्ये मोकळी फट सोडण्याचा तोडगा निघाला. फट भकास दिसते म्हणून तिच्यात शुभेच्छुक भरले. शुभेच्छुकांनाही मेहुणे होतेच. प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवलं की त्या माणसाचं भाषण लागेल, अशी सोय झाली.

फाटकावरून फोन आला. "बाई, थेंब पडून राहिलेत. टोकन निघंल का?"

"बाबा, तेच करून राहिले!"

पण पानावरची जागा संपली. टोकनाचं बटण तेवढं बाहेर राहिलं. गुरुबसप्पांनी ते निरखून पाहिलं. "याला तोंड कुठाय?" मुद्दा बिनतोड होता. तोंड नाही त्याला मान नाही, मान नाही त्याला क्रम नाही. बटण वगळायचा ठराव एकमतानं झाला, आणि सभापती-उपसभापतींचं एकमत समितीनं पहिल्यांदाच पाहिलं. पान आता पापणी लवायच्या आत उघडू लागलं. नारळ फुटला. सर्वांत वेगवान संकेतस्थळाबद्दल समितीनं समितीचाच सत्कार केला.

सुकन्या फाटकाकडे धावत सुटली. ताडपत्री तोकडी पडली होती. वर्षभराची हळद भिजत होती आणि पिवळं पाणी गटारीला लागलं होतं. तिला रडूच कोसळलं. "बाबा, टोकन न्हाई निघालं हो. माझ्या हातानंच घात झाला."

भुजंगराव डोक्यावर पोतं घेऊन मोबाइलमध्ये बघत होते. "पान मात्र लई झटकन उघडायलंय बघ," ते म्हणाले. मग त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "शुभेच्छुकात ह्यो भोकरचा हरिओम हाय न्हवं? त्याच्या बगलंला जरा जागा दिसून राहिली. माझा एक तुकडा बसतो का बघ की. फेट्यातला."

"बाबा, हळद वाहून चाललीय!"

"हाव, ते दिसायलंय. पर फोटो बसतो का?"

तुम्ही हसताय, हसा. कालच्या लग्नाचा फोटो मोबाइलवर आला, तेव्हा तुम्ही तरी आधी नवरी बघितली होती का?