गव्हाचं स्थळ

रविवारी सकाळी विश्राम लोंढेला बघायला तीन बिअर येणार होत्या. एकीमागून एक, म्हणजे समोरासमोर येऊन कुणाला अवघडायला नको.

विश्राम पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणाऱ्या दुकानात कामाला होता. मित्राच्या, दिगंबरच्या साखरपुड्यात त्यानं एकदा एक कडक बिअर घेतली होती. ती काढ्यासारखी लागली, आणि तेव्हापासून त्यानं सगळ्यांनाच नकार कळवून टाकला होता. पण गावची रीत अशी, की ज्याचं बिअरशी जमलेलं नाही त्यानं गच्चीवरच्या बैठकीत बसायचं नाही. खालून चखणा आणून द्यायचा. मित्रांचं हसणं विश्रामला जिन्यातच ऐकू यायचं. शेंगदाणे घेऊन तो वर पोचेपर्यंत विनोद संपलेला असे.

"एक कडू निघाली म्हणून सगळ्यांना नावं ठेवू नयेत," स्थळं जमवणाऱ्या सुलभामावशी म्हणाल्या. "पण बाळा, आज नाही जमलं तर मी तुझं नाव ताकाकडे देणार."

"ताक काय वाईट असतं?" आई म्हणाली.

"वाईट नाही हो. पण त्याला गच्चीवर कोण बोलावतंय?"

पहिली आली ती आमसुलाची. गुलाबी, आंबट, चुणचुणीत. मावशींनी तिला ग्लासात बसवलं. आईनं रीतीप्रमाणे पुढ्यात पोहे ठेवले. बिअर पोहे खात नाहीत. पण पाहुण्यांची ताटली तशीच आत न्यायची नसते, म्हणून ती विश्रामनं संपवली.

"फ्रिज आहे?" तिनं विचारलं.

"आहे. दूध आणि कोथिंबीर असते."

मग तो रिकामी ताटली सरळ करत बसला.

"मुलगा बोलत नाही का?"

"आत्ताच बोलला की!" मावशी म्हणाल्या.

"आम्ही कळवतो," आमसुलाची म्हणाली आणि निघाली.

पोहे मिळमिळीत झाले असणार, असं आईनं ठरवलं. पुढच्या पोह्यांत तिनं मिरच्या वाढवल्या.

दुसरी स्टाउट. काळीभोर, दाट फेसाची, पोक्त. "रंग बघून लोक घाबरतात," ती म्हणाली, "पण मी कॉफीच्या वळणाची आहे. कॉफी घेता ना?"

विश्रामला ती आवडली होती. पण खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"चहा घेतो."

"मग पुढं कुरबुरी होतील," ती समजुतीनं म्हणाली, आणि आईला नमस्कार करून गेली.

आईनं आता लवंगी मिरची काढली.

तिसरी गव्हाची. फिकट पिवळी, जराशी गढूळ. ती आली तशी खोलीत केळ्याचा आणि लवंगेचा मंद वास पसरला. ग्लासात बसताच तिचा फेस काठापर्यंत चढला.

"माफ करा," ती पुटपुटली. "लाजले की येतो."

"मला घाम येतो," विश्राम म्हणाला.

"पुण्याच्या टाकीत वाढलीय," मावशींनी मध्येच सांगितलं, "पण घमेंड नाही."

विश्रामनं पोह्यांचा घास घेतला. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात होता. त्यानं समोर जे होतं ते उचललं आणि घटाघटा प्यायला.

"अगं बाई!" मावशी ताडकन उठल्या. "पसंती विचारायच्या आधी तोंड लावलं! आता हिला दुसरीकडे कशी दाखवू मी? अर्धी?"

आईनं पदर तोंडाशी नेला.

विश्रामनं ग्लास अगदी हळू खाली ठेवला. तोंडातली आग विझली होती.

"कडू नाही," तो म्हणाला. मग धीर करून म्हणाला, "मला पसंत आहे. पण त्यांना विचारा."

सगळे ग्लासाकडे बघू लागले.

"या घरात तिखट फार आहे," गव्हाची म्हणाली. "यांना एकट्यानं झेपायचं नाही."

मावशींनी साखर मागवली.

शनिवारी संध्याकाळी विश्राम हातात ग्लास घेऊन गच्चीवर गेला. दिगंबरनं सतरंजीवर सरकून जागा केली. "या वहिनी, या," तो ग्लासाला म्हणाला.

मग शेंगदाणे कोण आणणार यावर बरीच वादावादी झाली. शेवटी दिगंबरच कुरकुरत खाली गेला.

विश्रामला एक विनोद आठवला होता. सगळे त्याच्याकडे वळले. त्यानं तोंड उघडलं, आणि थांबला.

"दिग्या येऊ दे," तो म्हणाला.

गव्हाचीला पुन्हा फेस आला.