नीळकंठासाठी राखीव

सकाळी बाल्कनीचं दार उघडलं की मला आधी अ‍ॅल्युमिनियमची शिडी दिसायची. शिडीच्या टोकाला कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, आणि त्या युनिफॉर्ममधून आवाज यायचा, "मेल्यांनो, ह्या काय तुमच्या बापाशीचा घर? भेटायची वेळ संपली! यल्ला, बर्रा! चला भायर!"

मग कडुनिंबावर टांगलेल्या लाकडी खोक्यातून चिमणा-चिमणी तणतणत बाहेर पडायची. त्यांच्या मागोमाग, एका लांब चिमट्याला लोंबकळत, त्यांचा संसार: वाळकं गवत, सुतळीचे तुकडे, कोंबडीची पिसं, आणि एकदा तर माझ्या मुलीची हरवलेली रिबीन.

या सामंत सिस्टर. मस्कतच्या अल् घुब्रा भागात आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या खालच्या मजल्यावर कितीतरी वर्षं राहत होत्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न केलेलं नाही. एका मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डाच्या प्रमुख. आमच्याशी त्या शुद्ध शाळेतलं मराठी बोलत, वॉचमनशी हिंदी, घरमालकाशी कामापुरतं अरबी, आणि चिमण्यांशी मालवणी. "शिस्त लावायची तर मातृभाषेतच लावावी," असं त्यांचं मत होतं.

आमची ओळखही चिमण्यांमुळेच झाली. माझी मुलगी मैत्रेयी तेव्हा दीड-दोन वर्षांची. जेवायचं म्हटलं की तोंड घट्ट मिटायची. मी तिला कडेवर घेऊन बाल्कनीत उभी राहायचे आणि एक घास चिऊचा म्हणून थोडा भात खाली टाकायचे. चिऊ यायची, मैत्रेयी 'आ' करायची, आमचं जेवण पार पडायचं. आठवडाभरात खाली चिमण्यांची पंगत बसायला लागली. आणि एके दिवशी तिला भरवत असतानाच बेल वाजली.

दारात सिस्टर. हातात माझ्याच भाताची शितं, एका बशीत गोळा केलेली.

"हे रेशन तुम्ही वाटता का?"

मी एवढी घाबरले की "हो, बासमती आहे" असं काहीतरी बोलून गेले.

"असं का. म्हणजे व्हीआयपी वॉर्ड," त्या म्हणाल्या. "हे बघ मुली, तू इथे एक घास टाकतेस आणि तिथे माझ्या बेडवर दोन नातेवाईक चढतात. पेशंट बिचारा बाहेर ताटकळतो."

मला वाटलं, बाईंचा कुणी पेशंट खरंच बाहेर बसलाय. मी जिन्यात डोकावलं. मग त्यांनीच मला गॅलरीत नेऊन समोरच्या विजेच्या तारेवर बोट दाखवलं. तारेवर एक मातकट, जाड मानेचा पक्षी गंभीर चेहऱ्याने बसला होता. मला त्यात पेशंट म्हणावं असं काही दिसेना. तेवढ्यात तो उडाला, आणि त्या मातकट अंगातून असा काही निळा रंग उघडला की मैत्रेयी टाळ्या पिटायला लागली.

"नीळकंठ," सिस्टर म्हणाल्या. आवाज एकदम वॉर्डात रात्रपाळीला बोलतात तसा हळू झाला होता.

मैत्रेयीचा 'आ' अजून उघडाच होता. सिस्टरांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि औषध भरवावं तसा पटकन एक घास तिच्या तोंडात घातला. "गिळ. शाबास." पोर मुकाट्याने गिळत गेली. वाटी संपली. त्या दिवसापासून आमचा भात बंद झाला आणि सिस्टरांचं आमच्याकडे येणं सुरू झालं.

नीळकंठाची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. मागच्या अंगणात पूर्वी एक जुना, शेंडा गेलेला खजूर होता. त्याच्या ढोलीत नीळकंठाची जोडी दरवर्षी पिल्लं काढायची. घरमालक हमूद, ज्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, त्यांनी गाडीसाठी शेड बांधायला तो खजूर पाडला. ती जोडी नंतर कितीतरी दिवस येऊन रिकाम्या जागेवर घिरट्या घालायची. सिस्टर ड्युटीवरून येऊन ते बघायच्या. शेवटी इस्पितळात कसलंसं मशीन आलं होतं त्याचं लाकडी खोकं त्यांनी मागून आणलं, आणि गॅरेजशेजारच्या रत्नागिरीच्या इकबालभाई सुताराकडून त्याचं घर करून घेतलं.

"छोटं दार ठेवलं असतं तर चिमणी अडली असती," त्या म्हणायच्या. "पण नीळकंठाला दार मोठं लागतं. आणि मोठ्या दारातून कोणीही शिरतं. माणसांचंही तेच."

त्यांच्या हिशेबी नीळकंठ इथला मुवातिन, म्हणजे नागरिक. चिमण्या म्हणजे आपल्यासारख्या. जिथे दाणापाणी दिसलं तिथे येऊन बसलेल्या. साळुंक्यांवर तर त्यांचा विशेष राग. एकदा एक साळुंकी खोक्यात डोकावत होती आणि अर्बाब खाली उभे राहून हसत होते.

"सिस्टर, ये तो तुमारा है. हादी हिंदिया," ते म्हणाले. म्हणजे ही तर हिंदुस्थानी.

"माझीच आहे, पण व्हिसा नाही हिच्याकडे," सिस्टर म्हणाल्या आणि शिडी चढल्या.

अर्बाब त्यांना 'मजनूना' म्हणायचे, वेडी बाई. पण शिडी अर्बाबांचीच होती.

युक्त्या तर काय काय केल्या त्यांनी! जुन्या कॅसेटमधली रीळ काढून खोक्याभोवती पट्ट्या बांधल्या. वाऱ्यावर त्या चमकायच्या आणि गुंगुं वाजायच्या. चिमण्या थोडे दिवस बिचकल्या, मग त्यातलीच एक पट्टी तोडून त्यांनी घरट्यात अंथरली. मग सिस्टरांनी दाराला मोजा कोंबला. नीळकंठ फिरकायला लागले की काढायचा, एरवी बंद. माझ्या नवऱ्याचा एक मोजा धुण्याच्या दोरीवरून गेला तो असा. त्याने विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा दुसरा पाय रिकामाच आहे, तोही मोजा देऊन टाका. साळुंकीसाठी लागेल."

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत छेडलं, "अहो सिस्टर, चिऊताईचं घर मोडता म्हणे तुम्ही? पाप लागेल हो."

"चिऊताई गोष्टीत," सिस्टर तिळगूळ चावत म्हणाल्या. "इथे ते अतिक्रमण. आणि मी घर मोडत नाही, सामान बाहेर काढते."

या सगळ्या धामधुमीत त्यांचा एकच नियम होता. सामान काढायचं ते अंडी पडायच्या आत. एका वर्षी इस्पितळात ओळीने डबल ड्युट्या लागल्या आणि शिडी काही दिवस भिंतीलाच टेकून राहिली. मग सिस्टर चढल्या, आरसा आत धरून बघितलं आणि चिमटा न वापरता खाली उतरल्या.

"काय झालं?" मी वरून विचारलं.

"अ‍ॅडमिशन झालं," त्या वैतागून म्हणाल्या. "पाच अंडी. आता हात लावायचा नाही."

ते सगळं वर्ष चिमण्यांना गेलं. वर आणि, शेजारचं मांजर झाडाकडे बघायला लागलं तेव्हा ड्युटीवरून आलेली ही बाई पातळाचा पदर खोचून खोक्याखाली खुर्ची टाकून बसायची. अर्बाबांनी विचारलं, "सिस्टर, दुश्मन का चौकीदारी?"

"पेशंट आहे तोवर पेशंट," त्या म्हणाल्या, शुद्ध मराठीत. अर्बाबांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी आतून सिस्टरांसाठी कावा, म्हणजे अरबी कॉफी, पाठवला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या सुट्टीवर निघाल्या तेव्हा माझ्याकडे चहाला आल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "या खेपेला घराचं काम करून येते."

सिस्टरांचा डोंबिवलीत फ्लॅट होता हे मला तेव्हा कळलं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत घेतलेला. दोघा भावांची शिक्षणं झाल्यावर. त्यात भावाचा मुलगा प्रशांत राहत होता. नवीन नोकरी लागली, जागा मिळेपर्यंत म्हणून आला होता. मग लग्न झालं, बायकोही आली. जागा काही मिळाली नाही, किंवा शोधली नाही. सिस्टरांची निवृत्ती तोंडावर आली होती. इथली नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की बॅग भरावी लागते. त्यांना आता त्यांचं घर हवं होतं.

"जमेल का हो तुम्हाला सांगायला?" मी विचारलं.

"मला?" त्या हसल्या. "अगं, अख्ख्या वॉर्डातले नातेवाईक मी आवाज न चढवता बाहेर काढते. एका प्रशांतचं काय घेऊन बसलीस? खलास करून येते."

मला मनातून प्रशांतची दया आली. मी कल्पनेने त्याचं सामान चिमट्याला लोंबकळताना बघितलं.

सुट्टी संपायच्या बऱ्याच आधी त्या परत आल्या. माझ्यासाठी कोकम आणि मैत्रेयीसाठी खाजं आणलं. घराचं काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, "पाऊस फार होता गं," आणि खोक्यात काय चाललंय ते बघायला गेल्या. चिमण्यांनी त्या नसताना पार छतापर्यंत गवत भरलं होतं. त्या दिवशी मालवणीचा आवाज जरा कमीच होता.

मग पुढच्या वसंतात, इथे वसंत म्हणजे फेब्रुवारी, एका दुपारी त्यांनी खालून मला हाक मारली. तीही तोंडावर हात धरून, कुजबुजत. मी मैत्रेयीला घेऊन गॅलरीत आले. खोक्याच्या दारात नीळकंठ बसला होता. मान आत घालून बघितली, बाहेर काढली, परत आत घातली. जागा भाड्याने घेताना आपण नळ उघडून बघतो ना, तसं. मग तारेवर बसलेल्या बायकोकडे बघून तो कर्कश ओरडला. इतक्या देखण्या पक्ष्याचा आवाज इतका वाईट असेल असं मला वाटलं नव्हतं. बायको आली. दोघं आत गेली.

सिस्टर अंगणात मटकन खाली बसल्या. "अर्बाब!" त्यांनी हाक मारली, "नफर दोन, कन्फर्म!" इथे माणसांची डोकी मोजताना म्हणतात ते नफर.

त्यानंतर आमच्या घरात लष्करी कायदा लागला. मागच्या दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. बाल्कनीत मिक्सर लावायचा नाही. अर्बाबांनी ज्या शेडसाठी खजूर पाडला होता त्या शेडमध्ये गाडी लावणंच बंद केलं, आणि उन्हात रस्त्यावर ठेवली. चिमणी जवळ आली की नीळकंठ स्वतःच तिच्यावर झेप घ्यायचा, आणि सिस्टर खालून म्हणायच्या, "बघ, आता स्वतःचं घर स्वतः सांभाळतोय." पिल्लं उडाली त्या दिवशी त्यांनी इस्पितळात सगळ्या वॉर्डाला हलवा वाटला. कुणीतरी विचारलं, "सिस्टर, नातवंड?" तर म्हणे, "तीन."

त्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला निघालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे एक पिशवी दिली. खजूर, बाळाचे कपडे, तापमापक. "डोंबिवलीला एवढं पोचवशील?"

मी गेले. दार प्रशांतच्या बायकोने उघडलं. गुटगुटीत बाळ तिच्या खांद्यावर. हसरी, साधी मुलगी होती. मी घरभर नजर टाकली. मनातून मी भांडायला तयार होऊन आले होते, ते तिने सरबत आणल्यावर जरा अवघड झालं.

"आत्या मागच्या वर्षी आल्या होत्या," ती सांगायला लागली. "मला तेव्हा सहावा लागला होता आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. आत्यांनी माझं बीपी बघितलं, पाय सुजलेत म्हणून यांना रागावल्या. इथे राहिल्या नाहीत. म्हणाल्या, तुमची गैरसोय नको, ठाण्याच्या मैत्रिणीकडे उतरते. आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून पाळण्यासाठी छताला हूक मारून घेतला."

"घराबद्दल काही बोलल्या?"

"घराबद्दल? नाही हो. उलट आम्हीच म्हटलं, रिटायर झालात की इथेच या. तर म्हणाल्या, माझी सगळी सोय झालीये." ती बाळाला थोपटत म्हणाली, "वेंगुर्ल्याला मोठं घर आहे ना त्यांचं?"

वेंगुर्ल्याचं घर भावांनी कधीच विकलं होतं. मी सरबत संपवलं आणि निघाले.

मस्कतला परतल्यावर बॅगा उघडायच्या आधीच सिस्टर वर आल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनीच प्रश्नांची फैर झाडली. वजन किती वाटलं? रांगतो का? दात आले? आई जेवते ना नीट? मी एकेक सांगत गेले आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, डॉक्टरांचा राउंड ऐकावा तसं.

मग डोळे उघडून म्हणाल्या, "आणि घर कसं आहे गं?"

बॅगेची चेन ओढता ओढता मी वर बघितलं.

"नाही, म्हणजे मी तिथे कधी राहिलेच नाही ना. घेतलं, कुलूप लावलं आणि इथे आले. पुढे प्रशांत आला." त्या जरा ओशाळून हसल्या. "स्वयंपाकघर पूर्वेला आहे असं बिल्डरने सांगितलं होतं. सकाळी ऊन येतं का तिथे?"

मी गेले होते तेव्हा संध्याकाळ झाली होती. स्वयंपाकघरात दिवा लागला होता.

"येतं," मी म्हटलं. "भरपूर येतं. ओट्यापर्यंत."

"वाटलंच मला," सिस्टर म्हणाल्या. त्या उठल्या, पातळ नीट केलं आणि दाराशी जाऊन परत वळल्या. "मग तिला फोन करून सांगते. अंघोळ झाली की बाळाला तिथेच बसव म्हणावं. कोवळं ऊन चांगलं असतं."