जावयाच्या जागेवर

"अहो, थांबवा! रानमेंढ्या!"

बायको एवढ्या जोरात ओरडली की दंतवैद्यांनी घाटातल्या वळणावर करकचून ब्रेक दाबला. सकाळपासून सगळा गवताळ माळ पालथा घालून त्यांना कावळ्याखेरीज एक प्राणी दिसला नव्हता. दोघे दुर्बीण घेऊन कठड्याकडे धावले. घाईत ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं राहिलं. मागच्या सीटवर सासूबाई घोरत होत्या.

समोरच्या कड्यावर सात मेंढ्या होत्या. दंतवैद्य आठवी शोधत असतानाच मागे हॉर्न वाजला.

"आई उठली वाटतं," म्हणत बायको वळली आणि तशीच उभी राहिली.

दंतवैद्यांनी मागे पाहिलं आणि हातातली दुर्बीण दरीत गेली. त्यांच्या सीटवर अस्वल बसलं होतं. एक पंजा स्टिअरिंगवर, तोंड बिस्किटांच्या डब्यात.

"अहो, आई आत आहे! काहीतरी करा!" बायको कशीबशी कुजबुजली.

"क-काय करू?" दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या त्या माणसाची स्वतःची दातखीळ बसायची वेळ आली होती.

तेवढ्यात गाडीतून खणखणीत आवाज आला, "जावईबापू, तो डबा आधी खाली ठेवा! सगळ्यांसाठी आहे तो!"

अस्वलाने मान वळवली.

"बघताय काय? उतरा खाली!"

अस्वल दचकलं. त्याचा दुसरा पंजाही हॉर्नवर पडला आणि भोंगा असा केकाटला की ते पाठमोरंच बाहेर आलं आणि डब्यासकट झाडीत पसार झालं.

दोघे धापा टाकत गाडीपाशी पोचले.

"आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? चष्मा तेवढा सापडेना. काय हो जावईबापू, ही काय खायची पद्धत झाली?"

"सांगू नका," बायको नवऱ्याच्या कानाशी लागली. "तिला ब्लडप्रेशर आहे."

दंतवैद्यांनी सीटवरचा बिस्किटांचा चुरा झटकला. "चुकलं, आई."

घाट उतरेपर्यंत सासूबाई त्यांना फैलावर घेत होत्या. स्टिअरिंग चिकट केल्याबद्दलही दंतवैद्यांनी माफी मागितली.

हॉटेलात पोचल्यावर दंतवैद्य आंघोळीला गेले. सासूबाईंनी मुलीला जवळ ओढलं.

"अगं, अस्वल होतं ते!"

"तुला... तुला दिसलं?"

"दोन हातांवर होतं, न दिसायला काय झालं? किंकाळी फोडायला गेले, तर तोंडातून भलतंच बाहेर पडलं."

"मग रस्ताभर त्यांना कशाला बोलत होतीस?"

"खरं वाटायला नको? दार त्यांनीच उघडं टाकलं होतं. कळलं, तर बिचारे जन्मभर मनाला लावून घेतील. त्यांच्याजवळ अवाक्षर काढू नकोस."

बाथरूमचं दार उघडलं. दंतवैद्य डोकं पुसत आले आणि बायकोला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आईंना संशय नाही ना आला?"

"छे! कुणालाच काही कळलं नाही," बायको म्हणाली आणि त्यांच्या हातातला टॉवेल ओढून तिने तोंडावर घेतला.