राणीचं मामकूळ

अण्णा देवरे कुत्र्याचं नाव विचारत नाहीत, आडनाव विचारतात. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत कुणाकडे नवीन कुत्रा आला की संध्याकाळी अण्णा जातात, खुर्चीत टेकतात, चहा घेतात आणि कोपऱ्यात बसलेल्या त्या प्राण्याकडे बघून म्हणतात, "हे कुठले?" मालक कौतुकाने सांगतो, लॅब्रेडॉर. "ती जात झाली. आडनाव?"

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे लोकांनी केलेल्या मालाला गेज लावायचा आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचं काम अंगावर घेतलं आणि तिथेही तेच चालू ठेवलं. "माहिती काढल्याशिवाय पास नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका मुलाला त्यांनी केवळ सायकल स्टँडवर न लावता भिंतीला टेकवतो म्हणून नापास केलं होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात एकटे असतात, त्यामुळे माहिती काढायला त्यांच्याकडे वेळ भरपूर.

आता यात माझा संबंध कसा आला ते सांगते. समोरच्या जाधव वकिलांचा सुलतान आणि आमची राणी, दोघं लॅब्रेडॉर, दोघं दीड वर्षाचे. वकील एकदा गमतीत म्हणाले, "अण्णा, आमच्या सुलतानचंही कुठे जमतंय का बघा." अण्णांना गंमत कळत नाही. दुसऱ्या दिवशी ते मंडळाचा छापील फॉर्म घेऊन माझ्या दारात उभे.

"मॅडम, मुलीची माहिती भरून द्या."

मी शाळेत शिक्षिका आहे. फॉर्म दिसला की भरते. उंची लिहिली. वर्ण: गव्हाळ. शिक्षण: बस, शेकहँड, 'ऊठ' अजून चालू आहे. अपेक्षा: निर्व्यसनी. देवकाच्या रकान्यात मी थांबले तर अण्णा म्हणाले, "तुमचं तेच तिचं. तुमच्या घरात वाढली ना?" आमचं देवक पंचपल्लव, म्हणून राणीचं पंचपल्लव. मामकूळ शेवाळे, कारण माझं माहेर शेवाळ्यांचं आणि राणीचा मामा म्हणजे माझा भाऊ. सुलतानच्या फॉर्मवर देवक कळंब, मामकूळ पगार. अण्णांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत तपासले आणि तांबड्या पेनाने सही केली. देवक वेगळं, मामकूळ वेगळं, सोयरीक चालते.

बघण्याचा कार्यक्रम रीतसर झाला. पोहे झाले. वकील नवीन शर्ट घालून आले होते. दोघं समोरासमोर आल्यावर सगळेच चकित झाले, इतका तोंडवळा जुळत होता. छातीवर तोच पांढरा ठिपका, जमिनीवर बसताना मागचे पाय एका बाजूला टाकायची तीच ढब. शेजारच्या कुलकर्णी वहिनी तर म्हणाल्याही, "सख्खे बहीण-भाऊ वाटतात हो."

"जोडा शोभतो," अण्णा समाधानाने म्हणाले.

दोन महिन्यांनी राणीला सहा पिल्लं झाली. बारशाला पेढे वाटले. दीड-दोन महिन्यांची झाल्यावर अण्णांनी एकेका घराची माहिती काढून ती पिल्लं दिली, आणि प्रत्येक वेळी निरोप देताना मुलीच्या बापासारखे नाक पुसले. मला मात्र विहीणबाई म्हणवून घेण्यात मजा वाटत होती. ते आज सांगायला लाज वाटते.

पिल्लं सहा महिन्यांची झाली आणि घोटीचे एक तांदळाचे व्यापारी त्यांना दिलेली पिल्ली खोक्यात घालून घेऊन आले. "ही उठतच नाय अण्णा. मागचं पाय लटलट कापतं. आमच्या दुकानात लय वर्दळ, हिला कोण सांभाळणार?" खोकं अण्णांच्या ओट्यावर ठेवून ते गेले.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. अण्णा, वकील आणि मी. डॉक्टर तरुण होत्या. एक्स-रे दिव्यासमोर धरून त्यांनी सांगितलं की खुब्याचे सांधे सैल आहेत, आणि हे बहुतेक आई-बापाकडून येतं. मग विचारलं, "आई-बाप कुठून आणलेत?"

"देवळाली कॅम्प," मी म्हणाले. "गिरणीमागे एक माणूस पिल्लं विकतो."

वकील माझ्याकडे बघायला लागले. "आम्हीपण तिथूनच. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीत."

राणीला आम्ही भाऊबीजेला आणलं होतं. हे बोलायला आम्हाला डॉक्टरांचा दवाखाना लागला. इतके दिवस समोरासमोर राहून, विहीण-व्याही होऊन, आम्ही एकमेकांना मामाचं आडनाव विचारलं होतं, आणि कुत्रं कुठून आणलं हे विचारलं नव्हतं. राणी जिना चढताना मध्येच बसायची, तेसुद्धा आम्ही लाडावलीय म्हणून हसण्यावारी नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "मॅडम, गाडी काढा. माहिती काढायचीय."

गिरणीमागचा माणूस फार अगत्यशील निघाला. त्याने खुर्च्या दिल्या. राणी आणि सुलतान एकाच आई-बापाची का, या प्रश्नावर त्याला उलट अभिमानच वाटला. "काका, आपल्याकडे भेसळ नाही. बाहेरचं कुत्रं मी आत येऊच देत नाही. ही आई, तिचा हा मुलगा, त्याचीच ही पिल्लं. सगळं घरातल्या घरात. एकदम प्युअर."

कोपऱ्यात एक मोठा कुत्रा पडून होता. आम्ही बोलत असताना एकदाही उठला नाही.

"याला काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"त्याला काय होणार? स्वभावच शांत आहे."

अण्णा उठले. खिशातला पेन काढला, त्याचं टोपण उघडलं, परत लावलं. तीस वर्षांत त्यांनी इतका माल नाकारला, पण या माणसासमोर कशावर लाल खूण करायची तेच त्यांना सुचेना. बाहेर आल्यावर ते सटाण्याच्या बोलीत म्हणाले, "मनी चूक शे." म्हणजे, माझी चूक आहे. एरवी ते आमच्याशी त्या बोलीत कधी बोलत नाहीत.

मग त्यांनी जे केलं ते मंडळाच्या इतिहासात कुणी केलं नसेल. आपणच जमवलेलं स्थळ खोटं होतं, हे सांगायला ते उरलेल्या पाचही घरी गेले. चहा नाकारून उभ्याउभ्या सांगायचे, की आई-बाप सख्खे बहीण-भाऊ आहेत, चूक माझी आहे, पाय तपासून घ्या, ऑपरेशन करून घ्या आणि याची पिल्लं होऊ देऊ नका. एका घरी लोक खूप हसले. सिडकोतल्या एकाने हात जोडून सांगितलं, "अहो, जोडी बघा म्हणून तुम्हालाच फोन करणार होतो." अण्णा त्याच्या ओट्यावर दोन तास बसले आणि डॉक्टरांची वेळ ठरवूनच उठले.

खोक्यातली पिल्ली उरली. वकिलांच्या घरी नको म्हणाले. मी घरात विषय काढला आणि अण्णांना दोन दिवस विचार करते असं सांगितलं, जे मी नाही म्हणायच्या वेळी सांगते. अण्णांना ते कळलं असावं. तिसऱ्या दिवशी ते तिला घेऊन डॉक्टरांकडे निघाले, म्हणून मी मुकाट स्कूटर काढली.

डॉक्टर म्हणाल्या की पाय अगदी जातील असं नाही, पण रोज थोडं चालवावं लागेल. पोटाखालून पंचा घालून मागचा भार उचलायचा आणि तिच्या पावलाने चालायचं. "दाखवते," असं म्हणून त्या टेबलाच्या या बाजूला आल्या.

"मला येतं," अण्णा म्हणाले.

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोन घड्या केल्या, पिल्लीच्या पोटाखालून घेतला आणि दोन्ही टोकं एका हाताच्या मुठीत धरली. दुसरा हात तिच्या छातीशी, पडलीच तर झेलायला. ती चार पावलं चालली. डॉक्टर बघत राहिल्या. इतकं नीट कुणी पहिल्यांदा करत नाही, असं त्या मला हळूच म्हणाल्या.

परतताना पिल्ली अण्णांच्या मांडीवर होती. फाट्याजवळ माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज आला.

"आमची ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आईने ठरवलं. कुणी काही विचारलं नाही, विचारायची पद्धतच नव्हती. एक मुलगी झाली आम्हाला. उभी राहायची, पण पंचा लावून. मी ड्यूटीवरून आलो की तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवायचो. अकरा वर्षं." मग म्हणाले, "नात्यात लग्न केलं म्हणून झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही झालं, असंही म्हणाले नाहीत."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि हेल्मेटमुळे ते कुणाला दिसलं नाही.

"शेवटी शेवटी ती हसायची मला," अण्णा म्हणाले. "म्हणायची, अण्णा, तुम्हीच दमता."

कॉलनीचं फाटक आलं. मी गाडी आत घेतली नाही. अण्णांचं बोलणं अजून संपलं नव्हतं, म्हणून सरळ पुढे नेली.