नानांचं वारं

२४ मे, रविवार. आजचं काम : चौघांचे वैद्यकीय दाखले फाइलीत लावणे. मोहिमेच्या परवान्याची फाइल उद्या जायला हवी.

तीन दाखले शुक्रवारीच आले होते. चौथा नानांचा. तो येईना.

नाना म्हणजे आमचे घरमालक. हिंजवडीजवळ नेऱ्यात त्यांची चार मजली इमारत आहे आणि तिच्या प्रत्येक मजल्याच्या कठड्याला युरियाच्या पोत्याच्या पट्ट्या बांधलेल्या आहेत. नव्या भाडेकरूला वाटतं, नजर लागू नये म्हणून असतील. त्या वाऱ्यासाठी आहेत. कुठली पट्टी कशी उडते त्यावरून नाना वाऱ्याचा जोर आणि रोख सांगतात, आणि तो बरोबर निघतो. मी दोरीवर चादर घातली की पाच मिनिटांत खालून हाक येते, "म्याडम, चादर काडा. वारं अडतंय."

नाना त्रेसष्ट वर्षांचे. त्यांची शेती इमारतीखाली गेली, पण खळ्यावर भात उफणताना वाऱ्याचा अंदाज घ्यायची लागलेली सवय गेली नाही. कुठलाही प्रश्न विचारा, पहिलं उत्तर एकच : "आधी वारं बघू."

गेल्या दिवाळीत दुसऱ्या मजल्यावरचे अभिजित आणि श्रुती, हे हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं, जिन्यात मला सांगत होतं की जूनमध्ये स्पितीतलं एक सहा हजार मीटरचं शिखर चढायचंय. आम्हा तिघांचं बर्फावरचं शिक्षण झालेलं होतं, म्हणून त्यांना मी हवी होते. नाना पायरीवर बसून ऐकत होते.

"तितं वारं किती वाजता सुटतं?" त्यांनी विचारलं.

अभिजितने फोन काढून शोधायला सुरुवात केली.

"मग तुमी चढाया न्हाई, उडाया चाललाय," नाना म्हणाले आणि त्या दिवसापासून मोहीम नानांची झाली.

नानांनी बर्फ फक्त लग्नातल्या मठ्ठ्यात पाहिलेला. पण तिथल्या वाटाड्याला त्यांनी इतके फोन केले की शेवटी तोच यांना वाऱ्याबद्दल विचारू लागला. माथ्यावर सकाळी नऊनंतर उभं राहता येत नाही, हे नानांनीच काढलं. मग ठरलं : साडेआठला जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा दहा पावलांवर असला तरी. नाना स्वतः वरच्या तळापर्यंत, पाच हजार मीटरवर, येणार आणि तिथून वारा बघणार. तळापासून शेवटचं गाव दोन दिवसांच्या चालीवर. फोन लागत नाही. "तितं कुणी पडलं तर खाली आणाय दोन दिस," हे वाक्य नाना रोज एकदा म्हणायचे.

मी खरेदी विभागात नोकरी करते. लोक वस्तू घेतल्यावर विचार करतात, हे मला माहीत आहे. नाना आधी करतात, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं.

दर रविवारी चार वाजता गच्चीवर सराव. मे महिन्याच्या उन्हात लोकरी हातमोजे घालून, आठ मिनिटांत तंबू उभा करायचा. समोरच्या सोसायटीतली माणसं चहा घेऊन गॅलरीत यायची. तंबूनंतर 'न्हाई'चा सराव. नानांचा नियम असा की कुणीही कुणालाही 'नाही' म्हणू शकतं. कारण द्यायचं नाही, वाद घालायचा नाही. ज्याला म्हटलं तो मागे फिरणार. श्रुती आधी "मला वाटतं की आपण बहुतेक..." असं सुरू करायची.

"वाऱ्यात 'बहुतेक' ऐकू येत न्हाई," नाना ओरडायचे. "दोन अक्षरं हायेत. हाणा!"

श्रुती नवऱ्याला हाणायला फार लवकर शिकली.

आज पावणेचार वाजता नानांनी पहिल्या मजल्यावर माझ्याकडे दाखला आणून दिला. रक्तदाब एकशे वीस-ऐंशी, प्रकृती उत्तम. शिक्का बघायची मला सवय आहे.

"नाना, हा गुरांचा डॉक्टर आहे."

"मग? डाक्टर तो डाक्टरच की."

"म्हशी तपासतो तो."

"म्हशीला काय बीपी नसतंय व्हय? आन् माझी म्हस बघा, सोळा वर्सं जगली. चला, चार वाजत आले."

मी हसले आणि त्यांच्या मागून जिना चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर नाना थांबले. कठड्याला हात टेकून बाहेर बघत राहिले.

"काय झालं?"

"वारं बघतुया."

नाना त्या मजल्यावर नेहमीच थांबतात. मी कठड्याकडे पाहिलं. पट्ट्या सरळ खाली लोंबत होत्या. एकही हलत नव्हती.

मग मी नानांकडे पाहिलं. कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. मानेवरची शीर उडत होती, शर्टाची पाठ भिजली होती. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. एक मिनिट. दोन. तोंड उघडं ठेवून ते हवा ओढत होते आणि आवाज होऊ देत नव्हते. तिसऱ्या मिनिटाला म्हणाले, "पश्चिमेचं हाय," आणि वर निघाले.

चौतीस पायऱ्यांवर ही गत, तर पाच हजार मीटरवर काय होईल, याला हिशेब लागत नाही.

गच्चीवर अभिजित तंबूची काठी घेऊन उभा होता. नानांनी घड्याळ काढलं. "व्हा सुरू."

चौघांत वाऱ्यातलं कळतं ते या एकाच माणसाला. आणि मी त्यांच्याच घरात राहते.

"नाना, नाही."

"काय न्हाई?"

"तुम्ही येणार नाही."

अभिजितच्या हातातली काठी खाली पडली.

"म्याडम," नाना हळू म्हणाले, "घर माजं हाय."

"घर तुमचं. नियमही तुमचाच."

नाना घड्याळ तंबूवर ठेवून खाली गेले. जाताना म्हणाले, "जून सरला की खोल्या मोकळ्या करा." श्रुती रडायला लागली. मी तिला तंबू घडी करायला लावला.

सात वाजता मी त्यांच्याकडे गेले. खोल्या सोडायच्या तर तारीख नीट कळायला हवी. नाना ओट्यावर बसले होते. बसा म्हणाले नाहीत. मी बसले.

"दम कधीपासून लागतो?"

"संक्रांतीपास्नं."

"कुणाला सांगितलं?"

"लेकाला. तिकडं परदेशात. म्हणलं, हिमालयात जाऊ का? म्हणला, तुम्हाला वाटेल ते करा, बाबा. सूनबाई म्हणली, मजा करा. भाडेकरू समदे व्हय म्हणत्यात. डाक्टरबी व्हय म्हणला." त्यांनी पायातली चप्पल काढली, परत घातली. "आमची मंडळी व्हती तवर दिसातनं दहा डाव न्हाई म्हणायची. ती गेल्यापास्नं आज पैलं."

मी ओट्यावर जरा मागे सरकून बसले.

"पोरांदेखत म्हणाया नको व्हतं," ते म्हणाले.

"जोरात म्हणायचं, असं तुम्हीच शिकवलंत."

"व्हय. लई जोरात म्हणला." आणि नाना हसले, मग खोकले.

"उद्या सात वाजता तयार राहा. माणसांच्या डॉक्टरकडे जायचंय. शेवटच्या गावात तरी बसता येईल का, ते त्याला विचारू."

"आन् खोल्या?"

"ते तुम्ही सांगायचं."

"आधी डाक्टर बघू," नाना म्हणाले.

२५ मे, सोमवार. सकाळी सातला मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून निघाले. मारुंजीच्या चौकात वडापावच्या गाडीशी त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, मग गाडीकडे बोट केलं. "नाही," मी ओरडले आणि स्कूटर पुढे नेली.