आळिंबी आणि तोडे

आळिंबी ओळखण्यात आपला हात धरणारा अख्ख्या लिंबायत वस्तीत कोणी नाही, असं सुकदेवचं ठाम म्हणणं होतं. लिंबायतीत आळिंबी उगवतच नसल्यामुळे ते कोणी खोडूनही काढलं नव्हतं.

पण प्लेगाच्या भीतीने गावी पळालेली माणसं परत आली, त्या हिवाळ्यात ती उगवली! सुकदेव कामाला होता त्या लूमच्या खात्यामागे फुटक्या टाकीचं पाणी सुताच्या कचऱ्यात मुरत होतं. त्या ढिगावर एका सकाळी पांढऱ्याशुभ्र छत्र्या उभ्या राहिल्या. सुट्टीचा दिवस. सुकदेवने टॉवेल भरून त्या घरी आणल्या.

"आळिंबी तं पावसायामा येस!" बायकोने, सरलाबाईंनी, नाक मुरडलं. "ह्या कुत्रान्या छत्र्या शेतस."

"थंडीनी आळिंबी म्हणजे राजा! सातपुडामा मी डोया झाकीसन वळखस!"

खरं सांगायचं तर सातपुड्यात आळिंबी शोधायचा तो थोरला भाऊ. सुकदेव ती ताटात आल्यावर ओळखायचा, आणि तिथे त्याची चूक कधी झाली नव्हती.

पातेलं स्टोव्हवर चढलं. कांदा, लसूण, काळा मसाला. वासाने शेजारच्या सोनाबाई दारात आल्या आणि थबकल्या.

"सुकदेवभाऊ, चांदी टाकून पाह्यली का? आमची माय चांदी टाकल्याबिगर खाऊ द्यायची नाही. काळी पडली का समजायचं, इख!"

"चांदी ना?" सरलाबाई लगबगीने उठल्या. "मना तोडा शेतस ना!"

सुकदेवच्या हातातला डाव हवेतच राहिला.

ते तोडे लेकीच्या, नूतनच्या, जन्माला त्याने बायकोच्या पायात घातले होते. चोख चांदीचे म्हणून. आणले होते उधन्याच्या बाजारातल्या हातगाडीवरून, गिलटाचे. सोनाराची सावलीसुद्धा त्याने त्यांच्यावर पडू दिली नव्हती. दर दिवाळीला दंतमंजन लावून तो स्वतः घासून द्यायचा, आणि सरलाबाई जावांना सांगायच्या, नवऱ्याचा केवढा जीव आहे बघा! जावांमध्ये त्यांची मान ताठ होती ती त्या तोड्यांवर. खरं कळल्यावर त्या भांडल्या असत्या तर सुकदेवला चाललं असतं. त्या काहीच बोलणार नाहीत, याचीच त्याला धास्ती होती.

चांदीला विषाचं काय कळतं, हे कोणी विचारलं नाही. सोनाबाईंनी झाकण उचललं. सरलाबाईंनी फडक्यातून तोडे काढले. उकळत्या रश्श्यात गिलट काळं पडेल की पिवळं, सुकदेवला ठाऊक नव्हतं. कसंही पडलं तरी तोंडघशी तोच पडणार होता.

"थांबा! मना शब्दवर इस्वास नही का?"

आणि त्याने एक वाटी भरून प्यायली. तोडे तरीही पुढे येतच होते, म्हणून दुसरी. मग पातेलंच मांडीवर घेऊन भाकरीने तळ पुसून काढला. आता बुडवायला रस्साच उरला नाही. चव कशी होती, हे आळिंबीच्या त्या जाणकाराला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग सरलाबाईंनी हंबरडा फोडला.

गल्ली जमली. गल्लीतल्या लखनने आपली रिक्षा दाराशी आणून लावली. सोनाबाईंनी प्लेगातल्या उरलेल्या गोळ्या आणल्या. "प्लेगाले चालतात, तं याले काऊन नाही?" कोणी मिठाचं पाणी पुढे केलं, कोणी नखं तपासली. सुकदेव भिंतीला टेकून मृत्यूची वाट पाहत बसला. त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की मेला तर तोडे झाकलेले राहतील.

"निघायचं का?" लखन मधूनमधून डोकावून विचारी.

मृत्यू काही आला नाही. ढेकर आली. दिवेलागणीला सुकदेवने जांभई दिली आणि चहा मागितला. आपला सबंध दिवस फुकट गेला, अशा चेहऱ्याने गल्ली पांगली. लखन तर रागारागाने किकवर किक मारत राहिला.

सरलाबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि तोड्यांचं फडकं छातीशी धरून नवऱ्यापाशी येऊन बसल्या. डोळे भरलेले.

"मना तोडा काया पडतीन म्हनीसन तुम्ही जीववर उदार व्हयनात!"

सुकदेवने मान खाली घातली. एका अर्थी ते खरंच होतं. त्यालाही भरून आलं. एवढ्या चांगल्या बाईला आपण गिलट घातलं!

"मी नवस करेल शे," सरलाबाई पुढे म्हणाल्या. "आजना दिन तुमले काही व्हयनं नही, तं हाऊ एक तोडा मोडीसन गडवरनी देवीले चांदीना डोया! सकाय सोनारकडे जाऊत."

सुकदेवने दाराबाहेर पाहिलं. रिक्षा कोपऱ्यावर वळत होती. त्याने दोन्ही हातांनी पोट गच्च धरलं आणि जमिनीवर अंग टाकलं.

"लखन! ए लखन, थांब रे! इखच व्हतं ते!"